लोला
‘द किंक्स’ या ब्रिटिश रॉक वृंदाचे रे डेव्हिस यांनी लिहिलेले गीत (जून १९७०). लंडनच्या सोहो भागातील क्लबमध्ये एका भाबड्या तरुणाची लोलाशी गाठ पडते आणि ती आपल्याला वाटली तशी स्त्री नाही, हे त्याला हळूहळू उमगते. इंग्लंड व वेल्समध्ये २१ वर्षांवरील पुरुषांचे संमतीचे, खासगी समलिंगी संबंध १९६७ मध्ये गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. लोकमत मात्र कायद्याइतके झपाट्याने बदलले नाही. गीताचा हसरा, द्व्यर्थी सूर या तफावतीतूनच आला. बीबीसीने हरकत घेतली ती ‘कोका-कोला’ या नावाला, कारण तिच्या नियमांत जाहिरात बसत नव्हती. तेवढा शब्द बदलून ‘चेरी कोला’ म्हणण्यासाठी डेव्हिस अमेरिकेच्या दौऱ्यातून लंडनला परतले. ऑस्ट्रेलियातील काही रेडिओ केंद्रांनी मात्र आशयावरूनच गीत वर्ज्य केले.

लोलाची येथे थट्टाच होते, असा आक्षेप घेता येतो. तो पूर्णपणे खोडता येत नाही, कारण सारे काही तरुणाच्या नजरेतून दिसते आणि गंमत त्याच्या आश्चर्यावर उभी आहे. तथापि फजिती होते ती त्याच्या अननुभवाची. लोला आत्मविश्वासाने वावरते, तिला शिक्षा होत नाही आणि तरुणही अखेर तिला झिडकारत नाही. म्हणून हे गीत समतेचे नव्हे, तर नुकत्याच रुजू लागलेल्या सहिष्णुतेचे साक्षीदार ठरते. ब्रिटनच्या विक्रीयादीत ते दुसऱ्या, तर अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचले.