जखऱ्याची पाटी आणि कातरलेला कागद

लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय बऱ्याच अंशी एका मुक्या बापाची कथा आहे. देवदूताच्या शब्दावर शंका घेतल्याने वाचा गेलेला जखऱ्या याजक मुलाच्या सुंतेच्या दिवशी, म्हणजे आठव्या दिवशी, पाटी मागवतो. नातलगांना मुलाला बापाचेच नाव द्यायचे असते. तो 'योहान' असे लिहितो आणि त्याची जीभ मोकळी होते. त्यानंतरच्या स्तोत्रात बारा वचने आहेत, पण बाळाला उद्देशून त्यांतली जेमतेम दोन. बाकी सारे एका समाजाच्या सुटकेविषयी आहे. बापाचा आशीर्वाद इतका सार्वजनिक असावा, हे मला विलक्षण वाटते.

पंधराव्या शतकात फ्रा अँजेलिकोने लिहिणारा जखऱ्या रंगवला. तरी हा विषय रंगापेक्षा कातरकामाला अधिक मानवतो. त्या काळची पाटी म्हणजे मेण लावलेली फळी. तिच्यावर अक्षर उमटायचे ते टोकदार लेखणीने मेण खरवडून, काढून टाकून. कागद कातरणाराही हेच करतो: जे काढले तेच बोलते. नवजात बाळाशी तर या कलेचे नाते जुनेच आहे. पूर्व युरोपातील ज्यू घरांत बाळंतिणीच्या खोलीत १२१ वे स्तोत्र लिहिलेले रक्षापत्र लावत, आणि त्यांतली काही कातरकामाची असत. फ्रान्समधील जोगिणी सतराव्या-अठराव्या शतकांत संतचित्रांभोवती चाकूने जाळी कोरत. आपल्याकडे सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. पण तिचे लिहिणे कोणाला वाचता येत नाही. जखऱ्या मात्र सर्वांसमक्ष लिहितो.

वसईत हे स्तोत्र पोर्तुगीजांबरोबर आले. १५३४ ते १७३९ या दोनशे वर्षांत आणि नंतरही दीर्घकाळ ते लॅटिनमध्येच राहिले. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण ओवीबद्ध केले, हे खरे. उपासनेत मात्र मराठीला वाव मिळाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५). वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये आले आणि २०१३ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. म्हणजे जखऱ्याची वाचा गेली ती काही महिन्यांसाठी. वसईच्या मराठीला तिच्यासाठी शतके थांबावे लागले.

अंधारात बसलेल्यांवर वरून उजेड पडावा, या आशयावर स्तोत्र संपते. नाताळात वसईच्या घरांवर लागणारी कागदी चांदणी, आत दिवा आणि कापलेल्या नक्षीतून बाहेर येणारा उजेड, हे त्या ओळींचे सर्वांत जवळचे चित्र आहे. पण ती चांदणी येशूच्या जन्माची. योहानाचा जन्मदिवस २४ जूनला येतो. गोव्यात त्या दिवशी सांजावला डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. वसईत तेव्हा पाऊस असतो, आणि अंगणात टांगलेला कागद एक रात्रही टिकत नाही.