साक्रामेंतुम : पण, शपथ आणि संस्कार

इटलीतील वेरोना येथे १८१६ मध्ये जर्मन इतिहासकार नीबूर यांना एक चर्मपत्री हस्तलिखित आढळले. वर संत जेरोमची पत्रे होती. त्यांखाली, पुसून टाकलेल्या अक्षरांत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील रोमन विधिज्ञ गायस याचा ग्रंथ होता. धर्मलेखाखाली विधिलेख दडलेला असावा, हीच अवस्था ‘साक्रामेंतुम’ या लॅटिन शब्दाचीही आहे.

‘साकेर’ म्हणजे लौकिक व्यवहारातून वेगळे काढून देवतेला वाहिलेले. ज्यायोगे असे वाहिले जाते, ते साक्रामेंतुम. गायसच्या विवेचनानुसार प्राचीन रोममधील दाव्यात दोन्ही पक्ष ठराविक रक्कम पणास लावीत. वादवस्तूचे मूल्य १००० आस (कांस्यनाणी) किंवा अधिक असल्यास ५०० आस, कमी असल्यास ५० आस. हरणाऱ्याची रक्कम सार्वजनिक कोशात जमा होई. हा नियम इ.स.पू. पाचव्या शतकातील द्वादशफलकांचा होता. त्याला एक लक्षणीय अपवाद होता. एखादा मनुष्य गुलाम की स्वतंत्र, असा वाद असेल तर त्याचे मोल कितीही असो, पण ५० आसच. अशा मनुष्याच्या वतीने दुसऱ्याला उभे राहावे लागे. त्या कैवाऱ्यावर भार पडू नये, हा त्यामागील हेतू होता. एका शुष्क शुल्कनियमात स्वातंत्र्याचा असा पक्षपात दडलेला आहे.

सैनिकाच्या निष्ठेच्या शपथेलाही हाच शब्द होता. इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा प्रशासक धाकटा प्लिनी सम्राट त्राजानला कळवितो, की ख्रिस्ती लोक साक्रामेंतुमने स्वतःला बांधून घेतात. परंतु गुन्ह्यासाठी नव्हे, तर चोरी, व्यभिचार व विश्वासघात न करण्यासाठी. पुढे कार्थेजच्या तेर्तुलियानने बाप्तिस्म्याच्या वचनाची सैनिकी शपथेशी तुलना केली. लॅटिन बायबलात ‘मिस्तेरियोन’, म्हणजे गूढ, या ग्रीक शब्दासाठी काही स्थळी साक्रामेंतुम योजला गेला, आणि शपथेच्या शब्दात गूढाचा अर्थ मिसळला. हे मिश्रण निरुपद्रवी नव्हते. इफिसकरांस पत्रातील अशाच एका स्थळाचा मूळ ग्रीक शब्द दाखवून ल्यूथरने १५२० मध्ये विवाहाचे साक्रामेंतुमपण नाकारले. त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये विवाहासह सातांची संख्या निश्चित केली. एका भाषांतरित शब्दावर धर्मसंस्थेचे दोन पक्ष असे समोरासमोर उभे राहिले.

मराठी ख्रिस्ती परिभाषेने यासाठी ‘संस्कार’ हा शब्द स्वीकारला. तो समर्थ आहे. तथापि संस्कार मनुष्यावर होतो, तर साक्रामेंतुममध्ये मनुष्य स्वतः काही पणास लावतो. जोखीम पत्करल्यावाचून पावित्र्य नाही, हा त्या शब्दाचा आद्य आशय होता. भाषांतरात नेमका तोच मागे राहिला.