बिंदुनामावली व जात पडताळणी

बिंदुनामावली व जात पडताळणी : शासकीय सेवाभरतीत मागासवर्गांना राखून ठेवलेली संधी त्यांनाच मिळते की नाही, यावर देखरेख ठेवणाऱ्या दोन परस्परपूरक प्रशासकीय पद्धती. बिंदुनामावली ही पदांची मोजणी होय. संवर्गातील कोणते पद कोणत्या प्रवर्गाच्या वाट्याचे आहे, हे तीत क्रमवार निश्चित केलेले असते. जात पडताळणी ही उमेदवाराच्या पात्रतेची तपासणी होय. आरक्षित पदावर हक्क सांगणारी व्यक्ती त्या जातीची वा जमातीची आहे किंवा कसे, याचा निर्णय तीद्वारे होतो. पहिलीचा संबंध नियुक्ती करणाऱ्या कार्यालयाच्या वर्तनाशी, तर दुसरीचा उमेदवाराच्या दाव्याशी आहे.

पूर्वेतिहास : सेवाभरतीत आरक्षण आणि त्याच्या अंमलबजावणीची नियतकालिक नोंद या दोहोंचा एकत्रित आरंभ करवीर संस्थानात झालेला आढळतो. शाहू छत्रपतींनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. महाराज इंग्लंडमध्ये असताना २६ जुलै १९०२ रोजी निघालेल्या आज्ञेने रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. ज्या कार्यालयात या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथील पुढील नेमणूक त्यांच्यापैकी व्यक्तीची करावी, तसेच सर्व खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक सादर करावे, असेही आज्ञेत नमूद होते. मागासलेले वर्ग म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून उरलेले सर्व, अशी व्याख्या करण्यात आली होती. ही व्याख्या वगळण्याच्या स्वरूपाची असल्यामुळे उमेदवाराच्या जातीची स्वतंत्र तपासणी करण्याचा प्रश्न त्या वेळी फारसा उद्‌भवला नाही.

मद्रास इलाख्यात जस्टिस पक्षाच्या राजवटीत १९२१ मध्ये जातीय प्रतिनिधित्वाचा शासकीय आदेश निघाला. १९२७ च्या आदेशाने बारा नेमणुकांचा एक गट मानून त्यांपैकी पाच ब्राह्मणेतर हिंदूंना, प्रत्येकी दोन ब्राह्मणांना, मुसलमानांना आणि अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती यांना, तर एक दलित वर्गांना अशी वाटणी ठरविण्यात आली. क्रमाने फिरणाऱ्या या वाटणीत आजच्या बिंदुनामावलीचे आद्यरूप दिसते.

केंद्रीय सेवांत १९४३ मध्ये अनुसूचित जातींसाठी ८·३३ टक्के जागा राखण्यात आल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य होते. हे प्रमाण १९४६ मध्ये १२·५ टक्के झाले.

संविधानोत्तर व्यवस्था : संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक सेवेत समान संधीची हमी दिली आणि पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गांसाठी पदे राखून ठेवण्याची मुभाही दिली. तीनशे अडतिसाव्या अनुच्छेदानुसार नेमलेल्या विशेष अधिकाऱ्याचे अहवाल संसदेपुढे येऊ लागले. कनिष्ठ श्रेणींतील आरक्षण भरते, मात्र वरिष्ठ श्रेणींतील जागा रिक्त राहतात, ही विसंगती त्यांतून वारंवार निदर्शनास आली.

१९७० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींसाठी १५ व अनुसूचित जमातींसाठी ७·५ टक्के असे प्रमाण ठरविले आणि त्यानुसार ४० बिंदूंची नामावली लागू केली. तीत ६ बिंदू अनुसूचित जातींचे व ३ अनुसूचित जमातींचे होते. ही नामावली रिक्त पदांवर आधारलेली होती, म्हणजे पद रिक्त होईल तसतसा पुढील बिंदू लागू होई. परिणामी, निवृत्त होणारी व्यक्ती कोणत्या प्रवर्गाची होती याचा विचार न होता चक्र अखंड फिरत राही आणि संवर्गातील प्रत्यक्ष प्रमाण विहित मर्यादेच्या वर वा खाली जाण्याचा संभव राही. इंद्रा सहानी खटल्यात १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणाची सर्वसाधारण कमाल मर्यादा ५० टक्के ठरविली. त्यानंतर १९९५ मध्ये, बिंदू हे रिक्ततेशी नव्हे तर पदाशी निगडित मानावेत, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला. त्यास अनुसरून केंद्राने २ जुलै १९९७ रोजी पदाधारित नामावली स्वीकारली. तीत सर्व बिंदू एकदा भरल्यावर रिक्त होणारे पद ज्या प्रवर्गाचे, त्याच प्रवर्गातून ते पुन्हा भरले जाते.

महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण अधिनियमाने (अंमल २९ जानेवारी २००४ पासून) अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमातींचे तीन गट अनुक्रमे २·५, ३·५ व २, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९ असे एकूण ५२ टक्के आरक्षण विहित केले. भरतीपूर्वी कार्यालयाची बिंदुनामावली विभागीय आयुक्तालयातील मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. न भरलेल्या आरक्षित पदांस अनुशेष म्हणतात.

पात्रतेचा प्रश्न : पदांची मोजणी कितीही काटेकोर असली, तरी ती भरणारी व्यक्ती त्या प्रवर्गाची नसेल, तर नामावली पूर्ण दिसूनही संधी हिरावली जाते. हा प्रश्न महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या बाबतीत विशेष तीव्र झाला. काही जमातींना पूर्वी ठराविक क्षेत्रापुरतीच मान्यता होती. १९७६ च्या केंद्रीय अधिनियमाने ही क्षेत्रमर्यादा दूर केली. त्यानंतर हलबा, महादेव कोळी, मन्नेरवारलू, ठाकूर इ. जमातींशी नामसादृश्य असलेल्या समाजांतून जमातीच्या प्रमाणपत्रांची मागणी वाढली. यांतील काही दावे खोटे होते, तर काहींच्या मुळाशी नोंदींतील संदिग्धता किंवा आपल्या पूर्वजांविषयीची प्रामाणिक श्रद्धा होती.

सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ रोजी महाराष्ट्रातील एका प्रकरणात पडताळणीची तपशीलवार कार्यपद्धती घालून दिली. तीत छाननी समिती, पोलीस अधिकाऱ्यांचे दक्षता पथक, मूळ गावी चौकशी, शालेय नोंदींची तपासणी तसेच दैवते, विवाहविधी, अंत्यविधी आदींवरून करावयाची आप्तभाव कसोटी यांचा समावेश होता. महाराष्ट्राने २००० चा जात प्रमाणपत्र अधिनियम (महाराष्ट्र अधिनियम क्र. २३, २००१) करून या पद्धतीस वैधानिक रूप दिले. तो १८ ऑक्टोबर २००१ पासून अंमलात आला. त्यानुसार सक्षम अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र समितीच्या वैधतेनंतरच ग्राह्य ठरते आणि सिद्धतेचा भार दावेदारावर असतो. दावा असत्य ठरल्यास मिळालेले लाभ काढून घेतले जातात.

पुराव्यासाठी मानीव दिनांक महत्त्वाचे ठरतात. ते अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ असे आहेत. या दिनांकांपूर्वीची शाळेची, जन्ममृत्यूची वा महसुली नोंद अधिक विश्वसनीय मानली जाते. मात्र ज्यांच्या घरात शिक्षण पहिल्यांदाच पोहोचले, ज्यांना जमीन नव्हती वा ज्यांचे बिऱ्हाड सतत फिरते होते, त्यांच्याजवळ असा कागद असण्याचा संभव सर्वांत कमी. आरक्षणाची गरज ज्यांना सर्वाधिक, त्यांनाच पात्रता सिद्ध करणे सर्वाधिक कठीण, हा या व्यवस्थेतील मूलभूत पेच होय.

अवैध दाव्यांचे परिणाम : हलबा-कोष्टी प्रकरणी २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की अनुसूचित जमातींची यादी आहे तशीच वाचली पाहिजे आणि तीत नसलेल्या समाजाचा समावेश न्यायालयाला करता येत नाही. तथापि तोवर अंतिम झालेले प्रवेश व नेमणुका यांना त्याने संरक्षण दिले. पुढे या संरक्षणाच्या व्याप्तीविषयी मतभेद झाले. बेकायदा लाभ घेण्याचा हेतू नसल्यास नोकरी राखता येईल, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१४ मध्ये घेतली. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. दावा अवैध ठरल्यावर हेतू कोणताही असला, तरी लाभ टिकू शकत नाही, कारण प्रत्येक अवैध नेमणुकीमागे डावलला गेलेला एक खरा हक्कदार असतो, असे या निर्णयाचे तात्पर्य आहे. महाराष्ट्र शासनाने २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अकरा महिन्यांसाठी अधिसंख्य पदांवर वर्ग करून मूळ पदे जमातींच्या उमेदवारांतून भरण्याचे ठरविले. आप्तभाव कसोटी ही निर्णायक नाही, ती अन्य पुराव्यांसमवेत विचारात घ्यावी, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी केला. स्थलांतर, शिक्षण व शहरी संपर्क यांमुळे जमातींच्या चालीरीती बदलतात, हे वास्तव त्यामागे आहे.

मूल्यमापन : या दोन पद्धतींमुळे समान संधीचे तत्त्व केवळ घोषणा न राहता मोजता व तपासता येण्याजोगे झाले. मोजणीचा भार कार्यालयावर असला, तरी तीतील हयगयीची किंमत अनुशेषाच्या रूपाने मागासवर्ग मोजतात. पडताळणीचा भार तर थेट व्यक्तीवरच पडतो. तपासणी शिथिल झाल्यास दुर्बलांचा वाटा इतरांकडे जातो आणि ती केवळ कागदावर विसंबल्यास कागद नसलेला दुर्बल बाहेर राहतो. शाहू छत्रपतींच्या आज्ञेने तिमाही पत्रकाची जबाबदारी खातेप्रमुखांवर टाकली होती. जुन्या नोंदी शोधण्याचे व जपण्याचे काम दावेदाराइतकेच शासनाचेही आहे, हे मान्य झाल्यास पडताळणीचा हा पेच बराच सैल होऊ शकेल.