मोफसिल : तपशिलाचा सख्खा भाऊ

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका प्रशिक्षण वर्गात आमची ओळख करून देताना एक साहेब म्हणाले, "हे मोफसिलमधून आले आहेत." बहुतेकांना शब्द कळला नाही. आम्हाला तो ओळखीचा वाटला. आम्ही राजूरचे, भंडारदऱ्याच्या वाटेवरचे, आणि शिकवतो उर्दू माध्यमात. उर्दूत ‘मुफस्सल’ म्हणजे सविस्तर. आमची मुले प्रश्नपत्रिकेत वाचतात, ‘मुफस्सल जवाब लिखिए.’ मग आम्ही सविस्तर गावाहून आलो, असे साहेबांना म्हणायचे होते काय?

शब्द मूळचा अरबी. फे, स्वाद, लाम ही त्याची मूळ अक्षरे. अर्थ वेगळे करणे. खऱ्या-खोट्याची फारकत करतो तो फैसला. वर्षाचा वेगळा काढलेला भाग, म्हणजे ऋतू, ती फसल. त्या ऋतूत येणारे पीकही फसलच. त्यावरूनच महसुलाचे फसली साल निघाले. एकेक बाब सुटी करून मांडली की ‘तफसील’. फारसीमार्गे मराठीत येऊन तो आपला ‘तपशील’ झाला. आणि असे सुटे सुटे मांडलेले, ते मुफस्सल.

राज्यकारभारात मात्र ‘सदर’ म्हणजे मुख्य ठाणे आणि त्याहून वेगळा मुलूख तो मुफस्सल. 1772 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत मुफस्सल दिवाणी अदालती नेमल्या; वरची सदर दिवाणी अदालत कलकत्त्यात. पुढे इंग्रजांच्या तोंडी मुंबई, मद्रास, कलकत्ता वगळून उरलेला सारा देश मोफसिल झाला. तपशील गेला, ‘उरलेले’ तेवढे राहिले. साहेबांच्या बोलण्यात तेच होते.

हे नाव अभिमानाने मिरवणाराही एक निघाला. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या जॉन लँग या वकिलाने 1845 मध्ये ‘मोफसिलाइट’ नावाचे वृत्तपत्र काढले. कंपनी सरकारवर तो बेधडक टीका करी. 1854 मध्ये झाशी खालसा झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंनी सल्ल्यासाठी बोलावले ते यालाच. त्या भेटीचे वर्णन त्याच्या 1859 च्या ‘वाँडरिंग्ज इन इंडिया’ या पुस्तकात आहे.

परवा हे चारही शब्द आम्ही फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हम मुफस्सल, तो शहरवाले मुख्तसर?" मुख्तसर म्हणजे थोडक्यात. वर्ग हसला, आम्हीही हसलो. उत्तर मात्र अजून दिलेले नाही.