लसूण : अमृताच्या थेंबापासून कॅप्सूलपर्यंत

१/ इ. स. १८९०. मध्य आशियातील कुचा हे गाव. एका व्यापाऱ्याच्या खुन्याच्या मागावर असलेला ब्रिटिश लेफ्टनंट हॅमिल्टन बावर तेथे भूर्जपत्रांवरील एक जुनी संस्कृत पोथी विकत घेतो. त्या पोथीतील पहिलाच ग्रंथ लसणाच्या स्तुतीने सुरू होतो.

२/ ‘बावर हस्तलिखित’ या नावाने ओळखली जाणारी ही पोथी रुडॉल्फ हर्नले यांनी संपादित केली. आज ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तिचा काळ साधारणपणे सहाव्या शतकाचा आरंभ मानला जातो.

३/ पोथीतील कथा अशी : एका असुरराजाने अमृत प्राशन केले. विष्णूने त्याचा शिरच्छेद केला. कंठातून भूमीवर पडलेल्या थेंबांतून लसूण उगवला. म्हणून तो अमृतासारखा गुणकारी; पण असुराच्या देहातून आलेला, म्हणून ब्राह्मणांना वर्ज्य.

४/ हा निषेध केवळ ग्रंथांपुरता नव्हता. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी यात्रेकरू फाहियान लिहितो की, मध्यदेशात चांडाळांखेरीज कोणी कांदा-लसूण खात नाही.

५/ मग ज्याला औषध हवे, पण नियम मोडायचा नाही, त्याने काय करावे? पोथीत तोडगा आहे. गाईला तीन रात्री जवळजवळ चाऱ्यावाचून ठेवावे, नंतर दोन भाग गवत व एक भाग लसणाची पात द्यावी. तिचे दूध, दही, तूप, ताक ब्राह्मणालाही चालते!

६/ आधुनिक रसायनशास्त्रापुढे वेगळीच अडचण होती. १९४४ मध्ये अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी लसणातून ‘अ‍ॅलिसिन’ वेगळे केले. अखंड पाकळीत ते नसते. पाकळी ठेचली की एका विकराच्या क्रियेने तयार होते. ते अस्थिर असते, आणि ठेचलेल्या लसणाचा उग्र दर्पही त्याचाच. त्यामुळे दर्प टाळून गुण राखणारी गोळी बनवणे सोपे नव्हते.

७/ १९७३ मध्ये उदयपूरचे बोर्डिया आणि बन्सल यांचा लसणाच्या तेलावरील निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. रक्तातील मेदावर लसणाचा इष्ट परिणाम होतो, असे त्यात मांडले होते. पुढील दशकांत लसणाच्या गोळ्या युरोप-अमेरिकेत घरोघरी पोचल्या.

८/ २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने कठोर परीक्षा घेतली. एलडीएल कोलेस्टेरॉल मध्यम वाढलेले १९२ प्रौढ, चार गट : कच्चा लसूण, भुकटीच्या गोळ्या, मुरवलेल्या लसणाचा अर्क आणि औषधविरहित गोळी. कच्चा लसूण सँडविचमधून दिला गेला. सहा महिन्यांनंतर एकाही गटात एलडीएलमध्ये लक्षणीय घट आढळली नाही.

९/ याचा अर्थ लसूण निरुपयोगी, असा नव्हे. उच्च रक्तदाब असलेल्यांत रक्तदाब थोडा उतरल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे. मात्र लसणाच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच शस्त्रक्रियेपूर्वी, डॉक्टरांना तसे सांगणे आवश्यक आहे. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची जागा ही गोळी घेऊ शकत नाही.

१०/ सहाव्या शतकातील गाय आणि विसाव्या शतकातील बिनवासाची कॅप्सूल यांचा हेतू एकच : लसूण न खाता लसणाचा गुण मिळवणे. पण तो गुण खरोखर किती, हे ना अमृताच्या कथेने ठरते, ना बाटलीवरच्या चिठ्ठीने. त्यासाठी औषध न घेणारा दुसरा गट शेजारी ठेवून मोजावेच लागते.