बृहन्मुंबईची हद्द

१९७१ च्या जनगणनेत ‘नागरी समूह’ ही संज्ञा रूढ झाली. पालिकेची हद्द कोठेही संपो, परंतु एखादे शहर, त्याला लागून वाढलेल्या रेल्वे वसाहती, बंदर वा लष्करी छावणीसारख्या वस्त्या आणि शेजारची शहरे सलग असतील, तर ती सर्व मिळून एक मानावीत, असा तिचा अर्थ आहे. मुंबईत ही सलगता या संज्ञेच्या कितीतरी आधीपासून घडत होती. १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगीतून झालेल्या माहीमच्या बांधरस्त्याने मुंबई बेट साष्टी बेटाला जोडले गेले, आणि १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाल्यावर वस्ती पुढे रुळांच्याच कडेने, स्थानकास्थानकाभोवती दाटत गेली. प्रशासन मात्र या वाढीच्या मागून चालत राहिले : पालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत सरकली. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले. त्यातून उभे राहिलेले उल्हासनगरही पुढे बृहन्मुंबई नागरी समूहात आले. २०११ च्या जनगणनेत या समूहाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८४ लाख भरली, त्यांपैकी महापालिका क्षेत्रात सुमारे १ कोटी २४ लाख लोक होते. गंमत अशी की, रोज लोकलने मुंबई गाठणारे वसई-विरार या गणनेत वेगळेच राहिले, कारण भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये खाडी आहे, आणि ही व्याख्या प्रवाशांची ये-जा नव्हे, तर जमिनीवरील वस्तीची सलगता पाहते.