पुण्याच्या पूर्वेला, आठ मैलांवर

वाघोलीत राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. त्यातली पहिली तीन वर्षं वाघेश्वराच्या देवळाजवळचं तळं माझ्यासाठी फोनच्या नकाशातला एक निळा ठिपका होता. मग एका रविवारी सकाळी सहज तिकडे गेलो. काठावर दोन पोरं गळ टाकून बसली होती. गळाला कणकेचा गोळा. बघता बघता त्यांच्या पिशवीत सात-आठ मासे जमले.

"कुठला मासा रे?" मी विचारलं.

"चिलापी. दुसरं काय मिळतंय हितं?"

मला बरं वाटलं होतं. इमारतींच्या गर्दीत एक तळं टिकून आहे आणि त्यात मासे आहेत, म्हणजे सगळं ठीक असणार. पण त्या पोराचं 'दुसरं काय मिळतंय' डोक्यातून जाईना. पूर्वी इथे दुसरं काय मिळत होतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधता येतं, कारण माशांच्या बाबतीत पुणं नशीबवान आहे. इथल्या माशांची पहिली मोठी शास्त्रीय यादी १८३९ साली छापली गेली. ती करणारा माणूस होता विल्यम हेन्री सायक्स. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला हा अधिकारी १८२४ साली मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी झाला. दख्खनमध्ये हिंडून गावं, पिकं, माणसं यांची मोजदाद करणं हे त्याचं काम. ते करता करता त्याने पक्षी आणि मासेही नोंदवले.

त्याच्या यादीची गंमत नावांत आहे. अनेक माशांची मराठी नावंच त्याने लॅटिन नावाच्या शेपटाला जोडून दिली. आपला शिंगाळा शास्त्रात 'सीनघाला' झाला. थोबाडावर खोल खाच असलेला, नाक कापल्यासारखा दिसणारा मासा 'नुक्ता' झाला. हा शब्द मोठ्याने म्हणून बघा, त्यात आपला 'नकटा' ऐकू येतो. आणि एक झाला 'खुद्री'. हा म्हणजे मोठ्या खवल्यांचा, जोरदार प्रवाहात पोहणारा महसीर. जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ त्याला आज 'टॉर खुद्री' म्हणतो, म्हणजे नकळत थोडं मराठी बोलतो.

हा खुद्री सायक्सला कुठे मिळाला? मुळा-मुठा नदीत, पुण्याच्या पूर्वेला सुमारे ८ मैलांवर. ८ मैल म्हणजे जवळजवळ १३ किलोमीटर. हे वाचलं तेव्हा मी पुन्हा नकाशा उघडला. तेवढं अंतर पूर्वेला गेलं की आपण मांजरी-वाघोलीच्या आसपास पोचतो. एका जातीच्या नावाची जगातली पहिली नोंद माझ्या घरापासून दुचाकीने जाण्याइतक्या अंतरावरची होती. आज त्या पाण्याच्या पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो.

तळं म्हणजे नदी नव्हे, हे खरं. महसीर तळ्यात वाढायचा असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे तळी आणि नद्या इतक्या तुटलेल्या नव्हत्या. मृगाचा पाऊस झाला, ओढे भरले की मासे प्रवाहाच्या उलट वर चढायचे. 'चढणीचे मासे' हा शब्द गावाकडच्या कुणालाही विचारा. मरळ, वाम, लहानसहान मल्ल्या याच वाटेने शेतात, डबक्यांत, तळ्यांत पोचायचे आणि अंडी घालायचे. ओढा हा माशांचा रस्ता होता. ओढ्यावर सिमेंटचा पाइप टाकला की पाणी कसंबसं जातं, पण रस्ता बंद होतो.

सायक्सनंतर पुण्याच्या माशांच्या याद्या होत राहिल्या. फ्रेझरने १९४२ साली केली, १९४४ साली सुटरने भर घातली, १९६३ साली टोणपी आणि मुल्हेरकर यांनी, २००३ साली वाघ आणि घाटे यांनी. या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की दोन गोष्टी दिसतात. जुन्या यादीतली काही नावं नव्या यादीत सापडत नाहीत. आणि नव्या यादीत काही नावं अशी आहेत, जी सायक्सने ऐकलीही नसती.

चिलापी त्यातलीच. ही मूळची आफ्रिकेच्या दक्षिण भागातली. १९५२ साली तिला भारतात आणलं. हेतू वाईट नव्हता. देशात अन्न कमी होतं आणि स्वस्त मासा हवा होता. चिलापी त्या कामाला उत्तम. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती इतर माशांच्या तावडीतून वाचतात. लहान वयातच ती वीण सुरू करते आणि उबदार पाण्यात वर्षातून अनेकदा वीण होते. शेवाळापासून गाळापर्यंत तिला काहीही चालतं.

मुख्य म्हणजे तिला कमी प्राणवायू चालतो. तळ्याच्या तब्येतीचं गणित इथेच आहे. सांडपाणी तळ्यात आलं की त्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी आणि शेवाळ माजतं. दिवसा शेवाळ प्राणवायू देतं, रात्री तेही घेऊ लागतं. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडताना दिसले, तर ते खेळत नसतात, गुदमरत असतात. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी आटलेलं असताना पहिल्या पावसाने तळाची घाण ढवळली की काठाला मेलेल्या माशांचा खच दिसतो, तो यामुळेच. त्यातून जे वाचतात त्यांत चिलापी बहुधा असतेच.

वाघोली तर फार वेगाने बदलली. पिलाजीराव जाधवरावांची समाधी असलेलं हे गाव. नंतर दगडखाणींचं गाव झालं. पुण्यातल्या कितीतरी इमारतींची खडी इथून गेली. मग आयटीवाल्यांचं गाव झालं, त्यात मीही आलो. २०२१ साली गाव महापालिकेत गेलं. माणसं आधी आली, सांडपाण्याची सोय मागून येते आहे. मधल्या काळात पाणी उताराने जातं, आणि उताराच्या टोकाला तळं किंवा नदी असते. माझ्या सोसायटीचा टँकर कुठून येतो हे आमच्या ग्रुपवर रोज विचारलं जातं. मैलापाणी कुठे जातं, हे सहा वर्षांत एकदाही कुणी विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही.

मग उपाय म्हणून जुने मासे आणून सोडायचे का? इथे खुद्रीचीच पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नद्यांतून तो कमी होतोय हे पाहून लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पैदास सुरू झाली. ती इतकी यशस्वी झाली की पिल्लं इतर राज्यांत गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला आणि प्रचंड वाढणारा. आपला खुद्री तिथे फोफावला आणि गळाला लागणाऱ्या माशांत तो स्थानिक महसीर दिसेनासा होत गेला. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ साली नक्की झाली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर होता. आपल्याकडे हरवत चाललेला मासा कावेरीत जाऊन तिथली चिलापी झाला.

म्हणून पाण्यात मासे किती, हा प्रश्न अपुरा आहे. कुठले मासे, आणि ते तिथे स्वतः कसे पोचले, हे विचारावं लागतं. एका जातीचे हजार मासे असलेलं तळं आजारी असू शकतं. दहा जातींचे थोडे थोडे मासे, त्यांना वर चढायला एक उघडा ओढा आणि पहाटे पुरेल इतका प्राणवायू असलेलं तळं बरं म्हणायचं.

परवा पुन्हा तळ्यावर गेलो. तीच पोरं होती. मरळ माहीत आहे का, असं विचारलं. मोठा म्हणाला, "आमचे आजोबा सांगतात. ओढ्यात हातानं धरायचे म्हणे." मग त्याने विचारलं, "दादा, तू कशाला लिहितोयस?"

मी फोनवर यादी सुरू केली आहे. तारीख, जागा, माशाचं नाव, कुणी सांगितलं. पाहिलेल्यांत सध्या एकच नाव आहे, चिलापी. ऐकलेल्यांत मरळ आहे, वाम आहे. पुढच्या रविवारी त्या आजोबांना भेटायचं ठरलंय. आणि सोसायटीच्या ग्रुपवर मैलापाण्याचा प्रश्न मी काल रात्री टाकला. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.